राणीचं कुंकू

१५ जानेवारी १९७१, शुक्रवार
आज पुन्हा तिला कुंकू! तापीकाठच्या बागेतल्या त्या संगमरवरी राणीला. इंग्रज गेले, बाकीचे पुतळे गेले, ही एकटी कोपऱ्यात कशी राहिली कोण जाणे. आमच्या जाऊबाईंनी — धुरपदाबाईंनी — मुकुट बघितला आणि देवी समजून हात जोडले. त्यांच्या पोराचा ताप उतरला म्हणे तिच्यामुळं! तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्या लिंबायत वस्तीतल्या बायका घेऊन जातात. ओटी, शेवंतीची वेणी, कपाळभर कुंकू.

मी पिशवी धरायला. करंडा माझ्याजवळ आला की तसाच पुढं सरकतो. हे जाऊन दोन वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांची आहे.

१६ जानेवारी
जळते मी. दगडावर जळते! लिहितानासुद्धा लाज वाटते.

२२ जानेवारी
घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. जाऊबाई म्हणाल्या, "आनंदी, तू आत चहा बघ." बघितला. बाहेर सगळ्या खिदळत होत्या. शेजारच्या सीतानं नवी हिरवी साडी नेसलेली, तीही डोळ्यांत खुपली. मेली माझी नजर!

चहा उकळता उकळता एकदम आठवलं. अमळनेरला सातवीत गुरुजींनी सांगितलेलं — ही राणी विधवा! नवरा गेल्यावर चाळीस वर्षं काळ्या कपड्यांत काढली म्हणे. म्हणजे माझ्यासारखीच की! मग तिला वेणी, तिला ओटी, आणि मी चुलीपाशी?

सांगणार. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगणार. तिचं कुंकू बंद झालं म्हणजे माझा जीव थंड होईल.

२९ जानेवारी, शुक्रवार
सांगितलं. बागेतच, मोठ्यानं. "विधवा आहे ती!" सीतानं हात मागं घेतला. मला काय आनंद झाला!

जाऊबाईंनी मात्र करंडा उघडला, राणीला कुंकू लावलं. मला म्हणाल्या, "माले ठाऊक शे. बागना मगन माळीनी कधीच सांगेल शे."

"मग मला का नाही?" — तोंडातून निघूनच गेलं.

"ती दगडनी शे. तू आमना घरनी शे."

परत येताना पिशवी मीच धरली.

३० जानेवारी
सकाळी एकटीच बागेत गेले. राणीच्या कपाळावरचं कुंकू बोटानं खरवडलं, माझ्या कपाळाला लावलं. भर बाजारातून तशीच चालत आले. दार जाऊबाईंनीच उघडलं.

अजून पुसलेलं नाही.