कुलूप बदललेल्या दुकानाची वाटणी

मी, खाली सही करणारा, धंद्याने कुलूप-किल्लीवाला, पूर्ण शुद्धीवर असताना हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सुनेचा, म्हणजे थोरल्या मुलाच्या बायकोचा, आहे, पण तो अळणी जेवणापुरता. उद्या सकाळी सर्जन माझे हृदय उघडणार आहेत. उघडलेले पुन्हा नीट बंद होतेच असे नाही, हे माझ्या धंद्यात मी पुष्कळ पाहिले आहे. मला भीती वाटते आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. मध्ये भिंत घालायची नाही.

२. दुकान, कानशी आणि किल्ल्या कापायचे यंत्र यांसह, तेही निम्मे निम्मे. थोरला रागावेल, रागावू दे. धाकट्याची परगावची कारकुनी सुटली आणि तो दुकानात येऊन बसू लागला, तेव्हा थोरल्याने एका रविवारी दुकानाचे कुलूपच बदलले. "इतकी वर्षं हात मी काळे केले, आता हा आयता वाटेकरी कशाला?" म्हणाला. ते कुलूप मी चहा निवायच्या आत उघडले असते. पण पोटच्या पोराच्या कुलपाला मी हात लावला नाही. तेव्हापासून भावाभावांत अबोला. मीठ हवे असले तरी सुनेमार्फत.

३. पवित्र शास्त्र, म्हणजे घरातले बायबल, नातीला, थोरल्याच्या मुलीला. माझ्या बायकोने घालून दिलेली रीत मोडू नये: रोज संध्याकाळी सगळ्यांनी बसायचे, उतारा ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुढे वाचण्याआधी विचारायचे, "कालचं केलं का?" केले नसेल तर पुन्हा तोच उतारा. कुलूप बदलले त्या आठवड्यापासून आमच्याकडे एकच उतारा चालू आहे: वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भाऊ तुझ्यावर नाराज आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. सून रोज विचारते, दोघे रोज जमिनीकडे बघतात. नातीला तो झोपेतही पाठ आहे. "बाबा, पान उलटा आता," थोरला एकदा वैतागून म्हणाला. "तू उलट," मी म्हटले. तो उठून गेला.

४. आरामखुर्ची शेजारच्या चष्मेवाल्यांना देणार होतो, तशीही ती त्यांचीच झाली आहे. पण ते साक्षीदार, आणि वकीलबाईंनी बजावले आहे की साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. खुर्ची वाचली.

५. कोणाही मुलाचा हिस्सा काही कारणाने रद्द झाला, तर तो दुसऱ्या मुलाला जाईल. हे सर्व मी घरात मोठ्याने वाचून दाखवले आहे.

पुढचे कलम नव्हे, पण आत्ताच घडले म्हणून लिहितो. संध्याकाळचे वाचन आणि प्रार्थना संपली. दुसरे साक्षीदार शिंपीकाका, त्यांचा दाढ सुजल्याचा निरोप आला. आणखी कोणाला तरी आणायला धाकटा चपला घालू लागला. तेवढ्यात थोरल्याने टेबलावरचे पेन उचलले.

"चपला काढ," तो धाकट्याला म्हणाला. अबोल्यानंतरचे हे पहिले शब्द. "साक्षीदार आहे घरात."

मी त्याचा हात धरला. "डोकं फिरलं का तुझं? घर, दुकान, सगळं त्याचं होईल!"

"ठाऊक आहे, बाबा. नुसती किल्ली दिली, तर महिन्याभरात मीच ती परत मागेन. मी ओळखतो मला. सही केली की मागायचा प्रश्नच उरत नाही."

"तुला पोरगी आहे रे!"

त्याने बायकोकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "करा."

"आणि मी तुला दुकानात घेतलंच नाही तर?" धाकट्याने विचारले.

"तर नाही घेतलंस," म्हणत थोरल्याने पेनाचे टोपण काढले.

धाकट्याने चपला काढल्या आहेत. मला थोरल्याचा अभिमान वाटतो आणि त्याच्यासाठी जीव तुटतो. हा कागद फाडून दुसरा लिहायचा हक्क मला आहे. मी तो वापरणार नाही. त्याने ऐकले ते केले आहे, बापाने मध्ये येऊ नये.

ठिकाण: घराची पुढची खोली.
तारीख: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीची.

सही: मी, मुलांचा बाप.

साक्षीदार पहिले: चष्मेवाले, शेजारी.

साक्षीदार दुसरा: थोरला मुलगा. या मृत्युपत्राने त्याला काहीही मिळत नाही.