तांब्याचा पोचा आणि हळदीची बोटं

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळपासून तीनदा जिना चढून आले. गुडघे बोंबलतात, पण खाली बसवत नाही. वर पूनमची, म्हणजे पू.ची खोली. माझी नात, संजूची मोठी. पोरगी गिटारी दुरुस्त करते, आणि नव्या गिटारी जुन्या करते. हो, जुन्या! कोरी आणायची, रंग घासायचा, कडा झिजवायच्या, स्क्रूला गंज आणायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, अगं बाई, उंदरानं कुरतडली का? आता मलाच नाद लागलाय. चौथी पास बाई मी, पण पॉलिश पेपरचे नंबर तोंडपाठ.

आज गावातल्याच अडाजण भागातून एक गुजराती गिऱ्हाईक आला. गिटारींचं दुकान आहे त्याचं. पू.नं फोनवर यांच्या गिटारीचा फोटो टाकला होता, तो बघून आला. हे म्हणजे माझे मालक, जाऊन सहा वर्षं झाली. दिवसा कापडाच्या लूमवर, संध्याकाळी लग्नाच्या बँडपार्टीत. चार तारांची वाजवायचे, बेस म्हणतात. लोकांना ती ऐकूच यायची नाही, सगळे गाणारीकडं बघायचे. मला छातीत कळायची.

त्याला तीच विकत हवी होती. मी म्हटलं, नाही. तर म्हणे, "बा, तो आना जेवी ज बनावी आपो." हुबेहूब अशीच बनवून द्या. पू. हो म्हणून मोकळी. मला विचारलं नाही. पण आनंद झाला बाई, खोटं कशाला लिहू.

१४ सप्टेंबर, रविवार
संजूनं जेवताना सांगून टाकलं. इच्छापोरच्या एका कंपनीत पू.साठी ऑफिसातली जागा बघितलीय. १३ ऑक्टोबर, सोमवारी हजर व्हायचं. कोपऱ्यावर सातला कंपनीची बस. अडाजणवाल्याला गिटार पसंत पडली तर तो दुकानातलं असलं सगळं काम तिला देणार, मग संजू काही बोलणार नाही. नाही पडली तर वरची खोली बंद.

"माय, तू मझार पडू नको," मला म्हणतो.
"मी कुठं पडस? मी पोया लाटस."
आणि लाटणं असं दाबलं की पोळी पोळपाटालाच चिकटली. वरून सून हसली, खराटा फिरवल्यासारखी.

१७ सप्टेंबर, बुधवार
हे वाजवताना उजवा हात टेकवायचे तिथला रंग गेलाय, आतलं लाकूड दिसतं. पू.नं पातळ कागद ठेवून ती जागा छापून घेतली, नव्या गिटारीवर तेवढीच घासली. माप बरोबर. तरी दिसतं कसं? नायटा झाल्यासारखं.

मी म्हटलं, "अगं, त्यांचा हात काय पट्टी लावून फिरायचा का? बाही फिरायची. उन्हाळ्यात पण फुलबाहीचाच शर्ट, बटण लावलेलं."
पू. म्हणे, "मग आजी, शर्ट आहे का?"
आहे ना! पेटीत तळाशी. टेरिकॉटचा, निळा. डांबरगोळीचा वास. त्याच्या बाहीला मी सगळ्यात बारीक पॉलिश पेपर शिवला. साड्यांना टिकल्या लावण्यात जन्म गेला माझा, हे काय कठीण. मग शर्ट घालून, गिटार मांडीवर घेऊन बसले नि हात हलवत राहिले. शेजारची विमल डोकावली, "काय करी ऱ्हायनी वं?" मी म्हटलं, वाजवते. "आवाज कुठं?" म्हटलं, आवाज पंधरा वर्षांनी येईल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
खांदा भरून आला. पण नायटा गेला. कडेचा रंग आता हळूहळू संपतो, पाणी ओसरल्यावर काठ दिसतो तसा. पू.नं गालगुच्चा घेतला माझा. मी आजी की ती.

तारा गुंडाळतात त्या टोकाला बिडीचा चटका आहे. हे पेटती बिडी तारेत खोचून वाजवायचे. पू.नं तसाच चटका उदबत्तीनं दिला. आता नवीन गिटारीला मोगऱ्याचा वास येतो. हे असते तर शिंकले असते.

२० सप्टेंबर, शनिवार
हे लिहायचं राहिलं. गिटारीच्या मानेखाली, स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाही अशा जागी, पू. पेन्सिलीनं स्वतःचं नाव नि साल लिहिते. मी विचारलं, कोण वाचणार? "आजी, उद्या कोणी खरी जुनी म्हणून विकली तर?" पोरगी सरळ आहे. संजूवर गेली म्हणायला हरकत नाही, पण आज नाही म्हणणार.

२४ सप्टेंबर, बुधवार
आज हसून हसून पोट दुखलं. मग नाही हसू आलं.

यांच्या गिटारीला खाली बुडाकडं एक पोचा आहे. अडाजणवाल्यानं त्याच्यावरून चार वेळा बोट फिरवलं होतं, म्हणे हाच फार आवडला. पू. चमच्याच्या पाठीनं ठोकून तसा पाडत होती. जमेना. मी बघत बसले. शेवटी सांगितलं. तो मीच पाडलेला आहे.

संजू चार वर्षांचा, तापानं फणफणलेला. हे बारडोलीला लग्नात वाजवायला गेलेले. सकाळी आले ते हातात जिलेबीचा पुडा घेऊन, हसत. मी पितळी तांब्या उचलला नि फेकला. हे वळले, तो खांद्यावरच्या गिटारीला लागला. पोच्यावर अंगठा फिरवला त्यांनी, म्हणाले, "नेम चांगला आहे." मग आंघोळ न करता पोराच्या उशाशी बसून राहिले. लूमला पण गेले नाहीत त्या दिवशी. पुढं पार्टीत कोणी विचारलं की सांगायचे, बसमधून उतरताना आपटली. माझं नाव कधी घेतलं नाही.

पू. ऐकत होती. मग उठून खाली गेली नि तोच तांब्या घेऊन आली. "आजी, मग तूच मार."
नवी गिटार गादीला टेकवून ठेवली. मी तांब्या घेऊन उभी. राग येईना! राग नसताना तांब्या फेकायचा कसा? सुनेला आठवलं, नाही आला. विमलला आठवलं, थोडा आला. पहिला तांब्या दाराला. मग आठवली इच्छापोरची बस. तांब्या लागला बरोबर बुडावर.

पोचा तसाच पडला. खरंच तसाच. पू. नाचली. मी तांब्या उचलून बघितला, त्यालाही एक नवा पोचा. जुन्याच्या शेजारी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
काय करून बसले मी.

दसऱ्याला हत्यारं पूजायची. संजूच्या मिलमध्ये मशीनला हार, घरात सुरी-विळी-शिलाई मशीन. पू. सकाळी आंघोळीला गेली, मी म्हटलं वरचं पण उरकून घेऊ, पोरगी खूश होईल. कानस, पकड, करवत, सगळ्यांना हळद-कुंकू. यांच्या गिटारीला हळदीची दोन बोटं ओढली, जिथं त्यांचा हात टेकायचा तिथं. नव्या गिटारीला पण ओढली. त्याच जागी. तिच्यावर पॉलिशचा शेवटचा हात अजून बसायचा होता, लाकूड उघडं होतं. मला माहीत होतं. हात थांबला नाही.

पू. आली नि बघतच राहिली. यांच्या गिटारीवरची हळद मी पदरानं पुसली, गेली. काही राहिलं नाही. त्या लाकडात जागाच कुठाय? इतक्या वर्षांचा घाम, तेल, धूळ भरलेली. नव्या लाकडानं मात्र घटाघटा पिऊन टाकली. घाबरून पू.नं साबणाच्या फडक्यानं पुसली. मी ओरडेपर्यंत लाल झाली. साबण लागला की हळद लाल होते हे या पोरींना कोण सांगणार. फोनमध्ये नसतं.

घासली तर तिथं खड्डा दिसेल. गिऱ्हाईक रविवारी येणार.
पू. मला एक शब्द बोलली नाही. आपट्याची पानं द्यायला मात्र माझ्याच पाया पडली आधी. त्याचंच जास्त लागलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
लिंबू पिळून लालचं पुन्हा पिवळं केलं. आता ऊन. हळद उन्हाला भिते, बाळंतिणीचे कपडे धुतलेत मी. गच्चीवर खाटेवर गिटार, सगळी साडीनं झाकलेली, तेवढीच जागा उघडी. मी शेजारी छत्री घेऊन, सावली सरकली की खाट सरकवायची. पू. दर अर्ध्या तासाला हात लावून बघते, फार तापली तर लाकूड वाकेल. विमलनं तिच्या गच्चीवरून विचारलं, "आजारी शे का ती?" म्हटलं, हो.

४ ऑक्टोबर, शनिवार
एक बोट गेलं. दुसरं आहे. फिकं, पण आहे. चार वाजता ढग आले. ढगांना शिव्या दिल्या, सणाचे दिवस असून.
संध्याकाळी पू.नं वरून मळकट रंगाचा हात दिला. झाकलं. जवळजवळ. मला विचारलं, "दिसतंय का?" मी म्हटलं, मला मोतीबिंदू आहे. तेव्हा कुठं हसली.

५ ऑक्टोबर, रविवार
आला. दोन्ही गिटारी खाटेवर शेजारी शेजारी. यांच्या गिटारीकडं त्यानं एकदाच पाहिलं. नवी उचलली, पोचा चाचपला, उलटी केली, मागं पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे पाहिले, चटका हुंगला (!), मग खिडकीशी नेली. तिथं बराच वेळ. मी चहा खाली ठेवला.

"बा, आ पीळुं शुं छे?"
हे पिवळं काय, म्हणे. तोंड उघडलं होतं मी, कापडाचा रंग लागला असेल म्हणणार होते. पू. आधी बोलली. "आजीचं बोट आहे. दसऱ्याची हळद." सगळं सांगितलं, साबण, लिंबू, गच्ची.
तो हसला नाही. रागावला पण नाही. म्हणाला, दुकानात ठेवून बघतो, शनिवारपर्यंत सांगतो. घेऊन गेला.
पू. म्हणे, "आजी, नको होतं का सांगायला?"
मी म्हटलं, सांगितलं ते बरं केलं. आणि जिना उतरताना रडले.

९ ऑक्टोबर, गुरुवार
फोन नाही. खिचडी करपली. पू.च्या फोनची रिंग वाजली की मी धावते, दरवेळी फोन कंपनीच्या जाहिराती. संजूनं तिच्यासाठी नवी बॅग आणली. चांगली आहे, खोटं का बोला.
वर जाऊन त्या जागेवर हात ठेवला, यांच्या गिटारीवर. गुळगुळीत आहे, गार. सहा वर्षांत मी कधी तिथं हात ठेवला नव्हता, पुसायची फक्त.

११ ऑक्टोबर, शनिवार
शनिवार गेला.

१२ ऑक्टोबर, रविवार
त्याचा मेसेज आला. सोमवारी फोन करतो. एवढंच. किती वाजता, ते नाही. बस सातला.
पू.नं नव्या बॅगेत कागद भरले. मग बॅगेतच पॉलिश पेपरची गुंडाळी ठेवताना मी तिला बघितलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
साडेसहा. डबा भरला. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, गुळाचा खडा. इच्छापोरला खाल्ला काय नि वरच्या खोलीत खाल्ला काय, डबा लागतोच.
पू. आंघोळ करून वर गेली, फोन घेऊन; अडाजणवाल्याचा अजून आला नाही. बॅग खाली दारात आहे.
यांची गिटार आवाजाच्या छोट्या डब्याला लावलीय तिनं. ऐकू फार येत नाही. छातीत येतंय.
सहा पन्नास. संजू बूट घालून उभा. "माय, हाक मार तिले."
बस आली. हॉर्न दिला. वर गिटारीचं वाजणं थांबलं. पुन्हा सुरू झालं.
संजू म्हणतो, माय, मार ना हाक. म्हटलं, थांब, हे लिहून होऊ दे.