पंखा चालू तरी आहे काय?

वणी,
४ मे

प्रिय उत्तमसिंग,

तुले जय सेवालाल अन् माझा जय भीम. पत्र पाहून फेकू नको. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी कपाळाले आठ्या पाडशील, मंग भाभीले म्हणशील, की पाहा, वणीच्या मोठ्या माणसाले आज सवड भेटली. म्हण. पण म्हणून झालं की चष्मा लाव अन् शेवटपर्यंत वाच. दिवाळीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. तुझ्या पोराच्या, पूनमसिंगच्या साखरपुड्याची खबर मले विक्की ड्रायव्हरकडून लागली. त्यालेच तू पुसदले सांगितलं म्हणे, की देवरावनं फोनवर आपल्या तोंडानं काय ते सांगून टाकलं, आता काही राहिलं नाही. अबे, मी फोनवर काय सांगितलं हे मलेच माहीत नव्हतं! तू बोलवलं नाही म्हणून मीही अकडून बसलो, हे कबूल करतो. पण चाळीस वर्षांची दोस्ती अशी जाऊ द्यायची माझी तयारी नाही, म्हणून लिहून राह्यलो. फोन सोडून पत्र कायले, तेही सांगतो. पण त्याच्या आधी तुले माझ्या पोरीच्या कॉम्प्युटरची गोष्ट ऐकावी लागते, कारण सगळा घोटाळा तिथंच उघडा पडला.

मैत्रेयी आता घरूनच काम करते. शाळेतल्या लेकरांसाठी गोष्टींची हलती चित्रं कॉम्प्युटरवर बनवते अन् त्याले आवाजही स्वतःच देते. काम पुण्याच्या एका कंपनीचं, अन् पक्कं व्हायचं होतं. वणीचा उन्हाळा तुले काय सांगू बापा. आवाज भरताना घरातला कूलर बंद, खिडक्या बंद, पोट्टी घामानं निथळून राह्यली, अन् तो कॉम्प्युटर चित्रं बनवून बनवून असा तापायचा की त्याचे पंखे किंचाळायले लागत. मार्चमध्ये कंपनीनं तिच्या तीन गोष्टी वापस केल्या. लिहिलं, तुमचा आवाज गोड आहे, पण मागं कूलर चालू आहे, तो बंद करून पुन्हा भरा. पोट्टी रडकुंडीले आली. मंग तिनं ठरवलं की कॉम्प्युटरले पाण्यानं थंड करायचं. शेजारच्या विमलताईंनी हे ऐकलं अन् त्या मागच्या उन्हाळ्यात उरलेली कूलरची खस घेऊन दारात हजर. कॉम्प्युटरले कुठून लावायची म्हणून विचारत होत्या. पोरीची माय कौसल्या हसून हसून खाली बसली.

मैत्रेयीनं मले कागदावर काढून दाखवलं. पंप पाणी फिरवतो, पाणी तापलेल्या भागावरून जाऊन गरमी उचलते, मंग रेडिएटरमध्ये येते, तिथं पंखा हवा मारतो, थंड झालेलं पाणी वापस. मी हातातला चहा खाली ठेवला. म्हटलं, पोरी, हा तर ट्रक आहे! पस्तीस वर्षं ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करण्याशिवाय मी दुसरं काय करून राह्यलो? अन् माझ्या घरात मले न विचारता रेडिएटर येतो? आलाही होता. तिनं जालावर पाहून सगळ्यात जाडजूड रेडिएटर मागवलता, जाळी इतकी दाट की वाटावं, याच्यासारखा ताकदवान कोणी नाही. मी तो अंगणात नेऊन उन्हासमोर धरला. ऊन आरपार येईना. तूच सांग, जिथून ऊन निघत नाही तिथून मंद पंख्याची हवा कशी निघणार? हवा निघायची तर पंखा जोरात पळवावा लागते, अन् पंखा पळाला की आवाज आलाच. वरून आपल्या वणीची कोळशाची धूळ. दाट जाळीच्या गाड्या माझ्याकडे पंधरा दिवसांत चोंदून येतात, हे तिले लहानपणापासून दिसतं, पण कॉम्प्युटर म्हटलं की लेकरांले वाटते तिथं दुसराच कायदा चालते.

मी सांगितलं, हा वापस कर. पातळ घे, विरळ जाळीचा घे, पण लांबीनं भल्ला मोठा घे. जागा जास्त असली की पंख्यांले पळायची गरज नाही, आरामात फिरतील. अन् बाकीचं सामान तांब्याचं आहे तर रेडिएटरही तांब्याचाच पाहा, अ‍ॅल्युमिनियम अन् तांबं एका पाण्यात ठेवलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाते. नवा आला की आधी आतून धुऊन घे, जोडाले डाग देताना लावलेला मसाला राहतो आत. तिनं ऐकून घेतलं, मंग खोलीत जाऊन दोन घंटे वाचत बसली. बाहेर आली ते हसतच. म्हणाली, बाबा, जर्मनीतले लोक हेच लिहून राह्यले! मी म्हटलं, त्याईच्याकडेही कोळशाच्या खाणी असतील. उत्तम, त्या दिवशी मी दुकानात आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरले ही गोष्ट सांगितली. विक्कीले दोनदा.

मंग आले पंखे. पंखा म्हणजे तुझं खातं, पुसदले तुझं दुकानच पंखे-कूलर दुरुस्तीचं. यवतमाळच्या आयटीआयमध्ये मी डिझेल मेकॅनिकले अन् तू इलेक्ट्रिशियनले, पण होस्टेलच्या खोलीत छताच्या पंख्याखाली पडल्या पडल्या तू सांगायचा, की बाजूच्या खोलीतल्या पंख्याचा बुश गेला. आम्ही हसायचो, अन् आठ दिवसांत तो पंखा बंद पडायचा. तुझा कान म्हणजे कान होता. माझाही काही कमी नव्हता म्हणा. इंजिनाले लांब पेचकस टेकवून दांडा कानाले लावला की पाण्याच्या पंपाचं बेअरिंग माझ्याशी बोलायचं. तर मैत्रेयीचा कॉलेजातला दोस्त प्रफुल्ल, त्याचं नागपूरले कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यानं तीन जातीचे पंखे पाठवले, की लावून पाहा, आवडेल ते ठेवा. कायद्यानं मी तुले विचारायले पाहिजे होतं. हात फोनपर्यंत गेलाही. पण अकड होती ना! म्हटलं, पंख्याचं मलेही कळते.

दुपारी कूलर बंद करून आम्ही दोघं बाप-लेक खोलीत बसलो. तिनं पहिला पंखा लावला. मी डोळे मिटून ऐकलं अन् खूश झालो. म्हटलं, पोरी, हा तर एकदम मुका आहे, पंखा चालू तरी आहे काय? तिनं तो काढून ठेवला. दुसरा लावला, तोही मुका. तिसराही मुका. मी म्हटलं, कंपन्यांनी काय माल बनवला बापा, तिन्ही सारखेच, कोणताही ठेव. तेवढ्यात कौसल्या हाताले पीठ घेऊन दारात आली अन् ओरडली, की बाप-लेकीनं खोलीत मिक्सर काहून लावून ठेवला? मी डोळे उघडले. मैत्रेयी माझ्याकडे पाहून राह्यली होती. तिनं पहिला पंखा पुन्हा लावला, पूर्ण जोरात, अन् माझ्या कानाजवळ धरला. हवा लागली रे उत्तम. केस उडाले. आवाज नाही आला.

मी आधी भांडलो. म्हटलं, तुम्हा मायलेकीचेच कान तिखट झाले. वर्षभर मले वाटून राह्यलं होतं की कौसल्येचा आवाज वयानं चढला, लोकं तोंडातल्या तोंडात बोलतात, अन् टीव्हीवाले दिवसेंदिवस हळू बोलून राह्यले. मैत्रेयीनं ऐकून घेतलं अन् चौथ्या दिवशी यवतमाळले कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवतात, कानाले झाकण लावतात, अन् सांगतात की शिट्टी ऐकू आली की बटन दाबा. मी इमानदारीनं बटनावर बोट ठेवून बसलो. वाट पाहिली, वाट पाहिली. शेवटी बाहेरच्या बाईले हातानं विचारलं, सुरू कधी होणार? ती बिचारी दार उघडून म्हणाली, काका, अर्धं झालं. पस्तीस वर्षं पत्र्यावर हातोडा अन् हवेचा प्रेशर, डॉक्टर म्हणाला, बारीक आवाज सगळे गेले, अन् त्याच्यासोबत बोलण्यातली अर्धी अक्षरंही. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. लाज वाटली, अन् भीतीही वाटली. मैत्रेयीनं वणीपर्यंत माझा हात धरून ठेवला, लहानपणी मी जत्रेत तिचा धरायचो तसा.

आता कानात मशीन आहे, घुगरीच्या दाण्याएवढी. पहिल्या दिवशी पोळी शेकल्याचा आवाज ऐकला तर मी कौसल्येले विचारलं, हे काय चालू आहे? ती चुलीपाशीच रडली अन् लगेच म्हणाली, आता मले हळू बोलता येईल, गळा सुटला माझा. कॉम्प्युटरचंही झालं. पंखे मायलेकीनं मिळून निवडले, दुसऱ्या जातीचे, मोठ्या पात्याचे. मिनिटाले सहाशेच फेरे घेतात. तुझ्या कूलरचा पंखा चौदाशे घेतो, म्हणजे समज. पंपाची थरथर कॉम्प्युटरच्या पेटीले लागत होती, तर मी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून खाली गाद्या दिल्या. सगळं जोडून झाल्यावर मशीन लावून कान कॉम्प्युटरले टेकवला. काहीच ऐकू आलं नाही, अन् या वेळी खरंच काही नव्हतं. तिन्ही गोष्टी पुण्यानं पास केल्या, काम पक्कं झालं. विमलताईंनी पेढे खाल्ले, पण खसेशिवाय कॉम्प्युटर थंड होते हे त्या अजून मानत नाहीत.

आता फोनचं. परवा विक्की गाडी घेऊन आला, तेव्हा मी त्याले खोदून खोदून विचारलं, की उत्तम नेमकं काय म्हणाला. शेवटी त्यानं सांगितलं. उत्तम, दिवाळीले तुझा फोन आला तेव्हा आवाज तुझा आहे एवढंच मले समजलं. शब्द एकही नाही, नुसती गुरगुर; मी म्हटलं, फोनच खराब. त्याच्या आधीचे तुझे फोन याच भीतीनं मी उचलत नव्हतो. अन् उचललाच कोणाचा, तर समजत नाही हे सांगायची लाज, म्हणून हव हव, बरोबर आहे, असं म्हणून ठेवून देत होतो. बँकवाल्याले हव, साळ्याले हव, सगळ्यायले हव. तुलेही तेच म्हटलं. विक्कीनं सांगितलं, तू त्या दिवशी विचारलं होतं, की देवराव, मी तुझ्या मनातून उतरलो काय. अन् मी म्हटलं, हव हव, बरोबर आहे. वरून हसलोही असेन. तू सहा महिने कसे काढले असशील रे? मशीन लावूनही फोनवरचं मले अजून धड समजत नाही, अन् या बाबतीत एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं मले चालणार नाही, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी अन् कौसल्या पुसदले येऊन राह्यलो. मले दुकानात बसव, पंखे सगळे बंद कर, माझ्या उजव्या बाजूले ये, तो कान जरा बरा आहे, अन् तोच प्रश्न मले पुन्हा विचार. या वेळी मी ऐकून उत्तर देईन.

तुझाच,
देवराव