नवा जॉइंट हलवायचा नसतो

३ मार्च
उद्या गुडघा बदलणार. डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का? मी ठणकावून सांगितलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. बायको लगेच ताईचं बाळंतपण आणि बाबांचं खुब्याचं ऑपरेशन काढायला लागली. डोळे वटारून गप्प केली. ताईचा पाय सुजला होता, पण ती मुळातच नाजूक. बाबा ऑपरेशननंतर आठवड्याने गेले ते हार्टने. बाबांकडून मला आला तो फक्त पाइपपाना आणि प्लंबिंगचा धंदा. जन्मभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे केले, माझा कसा तुंबेल?

७ मार्च
घरी आलो. गुडघा झकास! व्यायाम शिकवणारी बाई येऊन गेली. म्हणे, सारखं उठा, चाला. हिने आयुष्यात एक तरी जॉइंट बसवलाय? नवा जॉइंट सेट होईपर्यंत हलवायचा नसतो, शेंबड्या पोरालाही कळतं.
संकल्प : पाय जागचा हलवणार नाही.

८ मार्च, सकाळ
रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिलीत, रोज पोटात टोचायची. पातळ केलं की जॉइंट गळणार, एवढी साधी अक्कल नाही? कपाटात मागे सारली. बायकोला सांगितलं, घेतलं. ते घट्ट मोजेही काढून फेकले.

१० मार्च
मुलीचा फोन. सातवा महिना चालू. तिची डॉक्टरीणबाईही घरच्यांच्या रक्ताचं विचारतेय. म्हटलं, ठणकावून सांग, आमच्या घराण्यात असलं काही नाही. बरं म्हणाली. गुणाची पोर, अगदी बापावर गेली आहे.

१३ मार्च
पोटरी सुजली. चांगली खूण. जॉइंट पकड घेतोय. बायको म्हणते, ताईचीही अशीच सुजली होती. हिचं तोंड म्हणजे गळका नळ.

१४ मार्च, दुपार
पडल्यापडल्या दम लागतोय. छातीत कळ. गॅस असणार. बायको अँब्युलन्स बोलवतेय. नको म्हणालो. परत म्हणायला गेलो तर आवाज फुटेना.

२४ मार्च
पोटरीतली गाठ फुफ्फुसात गेली होती. थोडक्यात वाचलो. इंजेक्शनं बायकोला सापडली. तिने ती एकेक मोजून माझ्यासमोर मांडली.

५ एप्रिल
तपासणीचा रिपोर्ट आला. रक्त लवकर गोठण्याचा दोष, जन्मजात. बाबांकडून आला असणार, म्हणे. ताईलाही असेल. मुलीलाही असू शकतो, आणि बाळंतपणात फार जपावं लागतं. बाबा बहुतेक हार्टने गेलेच नव्हते.
लगेच मुलीला फोन केला. म्हटलं, उद्याच रक्त तपास. ती हसली. म्हणे, बाबा, तुम्ही पडून राहिलात, इंजेक्शनं चुकवलीत, त्यात रक्ताचा काय दोष? आपल्या घराण्यात असलं काही नाही, मी डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलंय. मी विनवण्या केल्या. म्हणाली, उगाच घाबरवू नका, आणि फोन ठेवला.
बायको म्हणाली, अगदी बापावर गेली आहे.
मला रडू फुटलं.