काळं उतरवायचं कुणी?

अबादान, १० ऑगस्ट १९५१

चि. अतास, थोरल्या बहिणीचे, आबजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मीच वाचलं, लेकीकडून, माहरुखकडून वाचून घेतलं नाही. करमची भाकरी बांधून द्यायच्या वर्तमानपत्रांवर अक्षरं शिकले, ती विसरायची नाहीत. नळावरच्या बायका विचारतात, तुझा भाऊ इंग्रजांच्या आणि आपल्या वजिरांच्या मध्ये बसून दुभाष्याचं काम करतो, तर तेलाचं काय ठरलं? मी सांगते, तेल आपलं हे ठरलंय; आता ते इंग्रजांना पटायचं राहिलंय.

पुढच्या महिन्यात करमला जाऊन, मी विधवा होऊन वर्ष होईल. रंगीत कापड आणून माझं सुतकाचं काळं उतरवायचं ते घरच्या पुरुषानं, म्हणजे तूच. त्यावाचून माहरुखचं लग्न अडलंय. कासिमची आई म्हणते, विहीण काळ्यात असताना आमच्याकडे डफ वाजायचा नाही. दोन दिवस तरी ये.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी तूबा


तेहरान, २६ ऑगस्ट १९५१

ती. आबजीस, अताचा सलाम. वि. वि.

बोलणी मोडली. शेवटच्या दिवशी दोन्हीकडचे दारापाशी एकमेकांना आधी जायचा आग्रह करत उभे होते. आत मात्र कुणी बोटभर सरकलं नाही. तीन आठवडे मी एकच नकार दोन भाषांत सांगतोय. घसा बसलाय.

पुन्हा कुणीतरी येणार आहेत, म्हणून शहर सोडायची मनाई आहे. कासिमच्या आईला सांग, थोडं थांबा. हे सांगायची मला आता सवय झालीय.

रागावलीस तरी आठवण ठेव.
अता


अबादान, २० ऑक्टोबर १९५१

चि. अतास आशीर्वाद. वि. वि.

इंग्रज बोटीत बसून गेले. तेलाच्या कारखान्याचा भोंगा बंद आहे. पहाटे उठायची वेळ कळत नाही. कासिम कामावर जातो, रिकामी पिंपं रंगवतो, परत येतो.

वर्ष उलटून गेलं. शेजारणीनं हिरवं कापड आणलं होतं, मी परत केलं. हट्टी म्हण हवं तर. पण करमनं तुला आठव्या वर्षापासून सांभाळलं. ते काम दुसऱ्या कुणी करावं, हे मला चालत नाही. कासिमची आई आता अहवाजच्या एका मुलीची तारीफ करते. वसंतात नवरोज येतो, तोपर्यंत थांबेन म्हणाली. माहरुख नुसती भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते.

आलास तर बरं, नाहीतर पत्र तरी धाड.
तूबा


तेहरान, १७ मार्च १९५२

ती. आबजीस सलाम. वि. वि.

नंतर आलेले मध्यस्थही उठून गेले. मला अजून सुट्टी नाही. मुराद ट्रकवाल्याबरोबर निळं कापड पाठवतो. हातानं द्यायचं ते पाठवावं लागतंय.

एक सांगतो, हसू नकोस. करम गेल्यापासून मी काळाच टाय लावतो. पाहुण्यांना तो सरकारी पोशाख वाटला. एकजण मान म्हणून दुसऱ्या दिवशी तसाच लावून आला. मला कुणी सोड म्हणालं नाही, म्हणून सोडला नाही.

कमीजास्त पोटात घाल.
अता


अबादान, २८ मार्च १९५२

चि. अतास आशीर्वाद. वि. वि.

गाढवा, दीड वर्ष काळं घालून मी तुझी वाट बघत बसले आणि तू माझी! घरात थोरली मी, तुझं काळं उतरवायचं ते मी, हे दोघंही विसरलो.

कापड मिळालं. ते घेऊन मी सरळ कासिमच्या आईच्या दारात गेले आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, तुम्हीच उतरवा. ती घाबरली, आधी चहा घ्या म्हणाली. तीन पेले झाले, तरी मी उठेना. मग तिनं ते माझ्या खांद्यांवर टाकलं आणि माझ्याआधी तीच रडली. लग्न पुढच्या शुक्रवारी. तुला रजा मिळणार नाही, ठाऊक आहे.

त्याच कापडाच्या कडेचा टाय शिवला आहे. करमनं कधी टाय लावला नाही, म्हणून माप नव्हतं. वर्तमानपत्रातल्या एका वजिराचा बघून शिवला. जरा रुंद झालाय. थोरल्या बहिणीनं दिलाय, आता लाव.

काळा टाय धुऊन इकडे पाठव. करमच्या कपड्यांत ठेवीन.

तुझीच आबजी
तूबा