काचेचा उजवा कोपरा

फुट्स्क्रे, १४ जून १९९८

प्रिय कीथ,

बॅलराटला नीट पोहोचलास ना? इथे थंडी कडाक्याची आहे. मागचं लिंबू लगडलंय, आपली टीम शनिवारी पुन्हा हरली. मी ठीक.

बेरिलला शेवटचा निरोप देऊन आल्यापासून मला सारखा जुना कारखाना आठवतोय. अमेरिकेहून सुट्या भागांत, खोकी भरभरून येणारी ती लांबलचक गाडी आम्ही जोडायचो. स्टिअरिंग उजवीकडे घ्यायचो, सीटांना इथलं चामडं, पायाखाली इथल्या लोकरीचा गालिचा. काय दिमाख होता तिचा. वायपर मात्र तिकडच्यासारखेच, डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरच्या सोयीने फिरायचे, त्यामुळे ड्रायव्हरपुढचा उजवा कोपरा पावसात पुसलाच जायचा नाही. मग आम्ही सगळे माना डावीकडे वाकवून फाटकाबाहेर पडायचो. फोरमन वॉली म्हणायचा, "गाडी घ्या नाहीतर लग्न करा, मान वाकवावी लागतेच."

आमच्यापैकी कुणाच्या घरी गाडी जायची असली, की काचेवर बादलीभर पाणी ओतून त्याला तो कोपरा दाखवायचा आणि मगच किल्ली द्यायची, असा रिवाजच होता. तुला हे ठाऊक नाही. कारण तुला कुणी दाखवलं नाही.

बासष्ट साली तू गाडी न्यायला आलास, तेव्हा मी बादली भरून उभा होतो. बेरिल तुझ्या शेजारी बसली होती. बोटातली अंगठी पुढे करून म्हणाली, "अर्न, बघ ना, तुझ्या भावाने काय केलंय." मी त्याच रविवारी तिला विचारणार होतो. मी किल्ली तुझ्या हातात टेकवली आणि आत निघून गेलो.

नवव्या दिवशी पाऊस लागला. उजवीकडून दुधाचा ट्रक आला, तो तुला वेळेवर दिसला नाही. चुकवायला गेलास आणि गाडी डाव्या बाजूने खांबावर आदळली. बेरिलचा पाय गेला तो गेलाच. त्यानंतर तू कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस.

परवा कबरीपाशी तू म्हणालास, "माझं लक्ष नव्हतं रे, अर्न." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून गप्प राहिलो. लाज वाटते मला.

तुझं लक्ष होतं, कीथ. त्या कोपऱ्यातून कुणालाच काही दिसलं नसतं.

तिने तुला मनापासून माफ केलं होतं. ती माफी खरं तर मी मागायला हवी होती, आणि आता ती द्यायला बेरिल नाही.

भाऊ म्हणायचं की नाही ते तू ठरव,
अर्न