शेवटचा बिबला

१२ जाने.
शाळा सुटल्यावर नानांच्या वरच्या शेतात. बांधावर चक्क बिबला! तीन झाडं. पलीकडे डोंगर उघडा, नुसती तूर. नाना म्हणाले, "आमना लहानपनी बठ्ठा डोंगर यानाच व्हता." सगळा डोंगर बिबल्याचा! शेंगा लागल्यात, पण ओल्या. महिनाभराने बी धरेल. मग शाळेमागे रोपं करायची.

२६ जाने.
झेंडावंदनानंतर गावापुढे बिबल्यावर बोलले. जंगल, पाखरं, पाणी... कोणी ढुंकून पाहीना. मग म्हटलं, याच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी पूर्वीपासून साखरेच्या आजारावर देतात. झाडून सगळे ताठ बसले. मु.अ. खूश. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू.

६ फेब्रु.
एक बिबला कोणीतरी तोडला. बुंध्यातून लाल डिंक अजून गळतोय. बघवेना. ही माझ्या जिभेची करणी.

११ फेब्रु.
दुसराही गेला. आठवडी बाजारात तुकडे विकताहेत, "बाईंनी सांगितलेलं लाकूड" म्हणून. वनखात्यात फोन केला. "बघतो" म्हणाले. काय बघणार, खुंट?

१५ फेब्रु., रवि.
सकाळपासून तिसऱ्याखाली बसून. दुपारी नाना कुऱ्हाड घेऊन आले. त्यांचंच शेत, अडवणार कशी.
"अक्काले साखर शे, बाई. पायनी जखम भरस नही." अक्का म्हणजे त्यांची बायको.
म्हटलं, नाना, पेल्याने जखम भरत नाही, दवाखान्यात चला.
"मंग बठ्ठासपुढे खोटं बोलन्यात का?"
हो म्हटलं. पटलं नाही त्यांना. झाडासाठी मी आत्ता खोटं बोलतेय, असं त्यांना वाटलं. शेंगा वाळेपर्यंत तरी थांबा म्हणून हात जोडले.
"आठ दिन थांबसू."

१९ फेब्रु.
अक्कांना शिरपूरला नेलं. डॉक्टर चिडले, फार उशीर केलात. इन्सुलिन, रोज ड्रेसिंग, नाहीतर बोटं काढावी लागतील. अक्का सगळ्याला मान डोलवत होत्या. परतताना जीपमध्ये मला विचारलं, पेल्यात पाणी किती वेळ ठेवायचं. मी इन्सुलिनच्या वेळा पुन्हा सांगितल्या.

२२ फेब्रु., रवि.
उद्या मुदत संपते. एक शेंग फोडली. बी अजून दुधाळ, रुजणार नाही. आणखी पंधरा दिवस तरी...
एवढ्यात अक्का काठी टेकत बांधावर आल्या. एकट्या, त्या पायाने. पट्टी मळलेली, दवाखान्यातून आल्यापासून बदललेली नाही. खोडाला टेकून बसल्या. कुऱ्हाडीचं नावही काढलं नाही.
"बाई, मी आखो कितला दिन थांबू?"
हातातली शेंग मी पदराखाली घेतली.